चिबडातला वाळा

वडीगोद्रीच्या पुंजाराम खरात यांच्या अत्तराबद्दल गिऱ्हाइकांची एकच तक्रार होती. ते संध्याकाळपर्यंत टिकत नाही. सकाळी लावलं की दुपारपर्यंत वास येतो, दिवेलागणीला मात्र हात नाकाशी नेऊन हुंगावा लागतो. अंबडच्या बसस्टँडसमोर बद्रीनाथ शेठचं सुगंधी सामानाचं दुकान होतं. पुंजारामांचा माल तिथंच विकला जायचा आणि ही तक्रारही तिथंच जमा व्हायची.

"लोक म्हणतात, उडून जातं," बद्रीनाथ सांगायचे.

"जाणारच की. अत्तर हाय शेठ, गोंदण न्हाई."

पुंजाराम एकच अत्तर काढत, वाळ्याचं. मोगरा, केवडा, गुलाब यांच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. वाळा हे पाणथळ जागी उगवणारं उंच गवत. वरचं पातं जनावरंही फार आवडीनं खात नाहीत. जो काही वास असतो तो मुळ्यांत. थंडीत या मुळ्या खणायच्या, धुवायच्या, सुकवायच्या, पुन्हा भिजवायच्या आणि तांब्याच्या देगीत उकळायच्या. पोतंभर मुळ्यांतून निघणारं तेल एखाद्या लहान मुलाच्या ओंजळीतही मावेल. ते दाट असतं, आणि तांब्यामुळं त्यावर किंचित हिरवट झाक येते.

पुंजारामांचा या मुळ्यांशी संबंध जन्मापासूनचा होता, पण तो वासाचा नव्हता, मजुरीचा होता. त्यांची आई चांगुणाबाई गोदावरीच्या काठी गुडघाभर चिखलात उभी राहून ठेकेदारासाठी वाळा खणायची. त्या मुळ्यांच्या ताट्या होऊन अंबडच्या कचेरीत आणि औरंगाबादच्या बंगल्यांत खिडक्यांना लागायच्या. त्यावर पाणी मारलं की आत बसणाऱ्याला गार वारा मिळायचा. छप्पन्न साली घरानं बौद्ध धम्म घेतला. घरातले देव गेले, गावकीची कामं सुटली. वाळा खणणं सुटलं नाही, कारण त्याची मजुरी मिळायची. चांगुणाबाईंना त्या वासाचं कौतुक नव्हतं. तो लुगड्यातून जात नाही, एवढंच त्या म्हणायच्या.

विशी गाठल्यावर पुंजाराम हैदराबादेत गेले. तिथं एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याच्या भट्टीवर ते जळण सरकवायला लागले आणि बारा-तेरा वर्षांत भट्टी सांभाळायला शिकले. देगीचं झाकण मातीनं आणि कापसानं लिंपणं, वाफ नेणारी बांबूची नळी दोरानं गुंडाळणं, ती जिथं उतरते तो भपका थंड पाण्यात ठेवणं, आणि देगीला कान लावून उकळी ऐकणं. उकळी गुरगुरायला लागली तर जाळ ओढायचा. ती कुजबुजतच राहिली पाहिजे. वाळ्याला घाई चालत नाही. त्या म्हाताऱ्या उस्तादांनी त्यांच्याकडून एक गोष्ट घोटून घेतली होती: वाळा नदीचाच. लावलेल्या वाळ्याला जोर नसतो. एक्क्याऐंशी साली उस्ताद गेले, मुलांनी भट्टी मोडली आणि पुंजाराम एक जुनी देग एसटीच्या टपावर टाकून वडीगोद्रीला परत आले.

त्या काळी या भागात बड्या घरच्या लग्नात मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना अत्तर लावायची रीत होती. एक माणूस अत्तरदाणी घेऊन उभा राहायचा, पाहुणा हात पुढं करायचा, मनगटाच्या मागं बोट फिरायचं. पुंजाराम गावी आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या अत्तराला असं एक लग्न मिळालं. यजमानानं सांगितलं, बाटली दे, लावायला आमचा माणूस आहे. कारण कोणी बोललं नाही; बोलायची गरजही नव्हती. बौद्ध वस्तीतल्या माणसाचं अत्तर चालणार होतं, बोट चालणार नव्हतं.

पुंजारामांनी बाटली दिली. ती चूक होती, आणि तिचा फटका सगळ्यांनाच बसला. यजमानाच्या माणसानं खोबरेल थापावं तसं वाळ्याचं तेल हातोहाती थापलं. वाळा कणभर लावला तर वाळा असतो; वाटीभर लावला तर गाळ. उन्हं चढली तसा मांडवाला चिखलानं भरलेल्या पाणंदीचा वास सुटला. नवरीच्या मामानं विहिरीवर जाऊन हात धुतला. बदनामी मात्र पुंजारामांच्या अत्तराची झाली.

तेव्हापासून त्यांची अट ठरली. अत्तर पाहिजे तर लावणार तेच. बोटाच्या पेरावर किती घ्यायचं, कातडीवर किती घासायचं, घामेजलेल्या हातावर किती कमी करायचं, हे त्यांचं त्यांनाच कळत होतं. अट कामाची होती. तिचा दुसरा अर्थ घेणाऱ्यांनी घेतला, आणि पुंजारामांनी तो कधी नाकारला नाही. काही घरं तुटली. काही घरांनी हात पुढं केला.

नव्वदच्या सुमारास बद्रीनाथांच्या दुकानात मुंबईचं कंपाऊंड, म्हणजे रसायनांतून बनवलेलं तयार अत्तर, आलं. रंग पोपटी, वास खणखणीत, बाटलीला दाबायचा फवारा. सरबतातला, अगरबत्तीतला, साबणातला वाळा ज्यांच्या नाकात बसला होता त्यांना हाच खरा वाटायला लागला. सदऱ्यावर मारलं की धुतल्यावरही टिकायचं.

बद्रीनाथांनी प्रस्ताव मांडला. एक भाग तुझं, नऊ भाग हे.

पुंजारामांनी बाटली हुंगली. "वास चांगला हाय."

"मंग?"

"मंग काय? ह्याला वाळा म्हणू नका. पोपटी पाणी म्हणा, आन् खुशाल विका."

रसायन आहे म्हणून ते नाक मुरडत नव्हते. हंगामात पाठीवर पंप अडकवून ते दुसऱ्यांच्या कापसावर औषध फवारत. त्यांना कशाचाच विटाळ नव्हता. अमुक वासानं डोकं दुखतं, तमुकानं आजार होतो, असलंही ते बोलत नसत. त्यांचं म्हणणं वेगळं होतं, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं तरी ते मोठ्यानं बोलत.

"माझं अत्तर लावा आन् दिवसभर बघत राव्हा. पयल्यांदा ओली मुळी. मंग तापलेली माती. दुपारच्याला जुन्या लाकडी पेटीचा आतला वास. शेवटी तुमच्या कातडीचा. हे तुमचं पोपटी सकाळी म्हणतं 'वाळा', दुपारी म्हणतं 'वाळा', रातच्याला बी 'वाळा'. एकच शब्द येणाऱ्या माणसासंगं किती बसावं?"

"अरे पण गिऱ्हाइकाला दर साली तोच वास लागतो. तुझा गेल्या साली गोड होता, औंदा तिखट आहे."

"औंदा नदीला पाणी कमी व्हतं, शेठ. मुळी तहानलेली हाय, तिखट होणारच. दर साली सारखंच पाहिजे असंल तर साबण विका."

बद्रीनाथ हसले आणि त्यांनी दोन्ही माल ठेवले. कंपाऊंड पुढच्या फळीवर, पुंजारामांच्या कुप्या मागच्या.

खरी अडचण फळीची नव्हती, मुळीची होती. धरण झाल्यापासून गोदावरीचा काठ वाळत चालला होता. चांगुणाबाईंनी जिथं जिथं खणलं त्या जागा एकेक करून कोरड्या पडल्या. वाळा उरला होता तो एका ठिकाणी, तीर्थपुरीचे बागाईतदार काकासाहेब यांच्या नदीकाठच्या मळईत. तिथं एक ओढा नदीला मिळायचा आणि बारमाही ओल असायची. काकासाहेबांना त्या गवताचा उपयोग नव्हता. पुंजारामांनी थंडीत खणावं आणि काकासाहेबांच्या घरच्या कार्याला अत्तर द्यावं, असा तोंडी व्यवहार होता. काकासाहेबांचा शब्द फिरला तर देग कायमची थंड होणार, हे पुंजारामांना ठाऊक होतं. काकासाहेबांनाही ठाऊक होतं.

पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात काकासाहेबांच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. त्यांनी पुंजारामांना बोलावून घेतलं. ओसरीवर त्यांचे धाकटे भाऊ सर्जेरावही बसले होते.

"वाळा तुझाच," काकासाहेब म्हणाले. "जालन्याहून, औरंगाबादहून बडे पाहुणे येणार. तू बाटली भरून दे. सर्जेराव लावील. तू आपला मांडवात आराम कर."

"सर्जेरावांचं बोट केवढं, काकासाहेब! एका पेरात चार पावणे चिखलात जातील."

सर्जेरावांनी नकळत बोटाकडं पाहिलं. काकासाहेब हसले नाहीत.

"तुझी अट माहीत आहे मला. आपल्या घरची गोष्ट निराळी. पाहुणे परके आहेत, कोण काय म्हणेल सांगता येत नाही."

"काय म्हणतील?"

 याचं उत्तर तोंडानं द्यावं लागू नये एवढ्यासाठीच काकासाहेबांनी घराचा आणि परक्यांचा फरक काढला होता. शेवटी ते म्हणाले, "बरं. तूच लाव. ये लग्नाला."

पुंजाराम घरी आले ते खुशीत. त्यांची बायको मालनबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. "एवढ्या जल्दी मानले?" त्या म्हणाल्या. "बघा बरं का. काही तरी ऱ्हायलं असंल त्यांच्या पोटात."

ते लग्नाच्या दिवशी बाहेर आलं. मांडवाच्या दाराशी सर्जेरावांनी त्यांच्या हातात चांदीची अत्तरदाणी दिली. ती आधीच भरलेली होती. झाकण उघडायच्या आत पुंजारामांना वास आला.

"हे काय हाय?"

"वाळा."

"कुणाचा?"

"शेठचा. कालच आल्ता अंबडहून. मागच्या लग्नातच लोक म्हणून गेले, वाळ्याला वासच येत न्हाई. दादा म्हणले, बोट पुंजारामचं, माल शेठचा. तुझं बी मन राखलं, पावण्यांचं बी."

"म्हंजे महिन्यामागं अत्तर चालत व्हतं, बोट चालत नव्हतं. आता बोट चालतं, अत्तर चालत न्हाई."

"पुंजाराम, पावणे येऊन राह्यले. वाद घालू नको."

"वाद न्हाई. इचारून राह्यलो. मी निम्माच पाहिजे असतो का तुमाला दर वेळी?"

सर्जेरावांनी आवाज खाली आणला. "थंडीत मळईत उतरायचं हाय ना? मंग उभा राहा गुमान."

जीपगाड्या लागत होत्या. पुंजारामांना तिथून निघून जाता आलं असतं. निघून जाणं सोपं होतं, आणि मळई त्यानंही गेली असती. गुमान उभं राहिलं तर ती वाचत होती. त्यांनी तिसरंच केलं. शेठची अत्तरदाणी डाव्या हातात घेतली, बंडीच्या खिशातून आपली कातड्याची कुप्पी काढून उजव्या मुठीत धरली आणि दाराच्या मधोमध उभे राहिले. पहिला हात पुढं आला तो जालन्याच्या एका सरकी व्यापाऱ्याचा.

"थांबा शेठ. ह्या हातात मुंबईचं कंपाऊंड हाय, ह्या हातात नदीचा वाळा. कोणतं लावू?"

व्यापारी गोंधळले. "म्हणजे एक नकली आहे का?"

"नकली न्हाई. ते बी अस्सल कंपाऊंड हाय. वाळा तेवढं न्हाई."

मागचे हसले. व्यापाऱ्यांनी वाकून पुंजारामांचे दोन्ही हात हुंगले आणि डाव्या हाताकडं बोट केलं. "हे जोरदार आहे." पुंजारामांनी ते नीट लावलं. मापात, घासून, जसं स्वतःचं लावलं असतं तसं. "पुढं या."

रांग लागली. बहुतेकांनी कंपाऊंडच घेतलं. हे लिहून ठेवायला हवं, कारण नंतर ही हकिकत सांगणारे नेमकं उलट सांगू लागले. काहींनी दोन्ही मनगटांवर दोन घेतले. एका गृहस्थांनी कुप्पीवालं बोट जवळ येताच हात मागं घेतला.

"फवारा नाही का?"

"फवारा दुरून मारता येतो, साहेब. वाळ्याला हात लागतो."

ते अत्तर न लावताच आत गेले. त्यांच्यामागं नवरदेवाची आजी द्वारकाबाई होत्या. त्यांनी कुप्पीचं बूच हुंगलं.

"ह्याला तर पाण्याच्या माठाचा वास येतोय की रे!"

"माठात वाळाच टाकता ना तुमी."

"मंग लाव. ह्या गर्दीत माठाचाच वास बरा. आन् कानात घालाय फाया बी दे. ही बँडवाली कान फाडून राह्यली."

पुंजारामांनी कापसाचा फाया करून दिला. म्हातारीनं तो कानात खोचला आणि आत जाऊन शेजारच्या बायकांना कानच हुंगायला लावला. आता मांडवात एकच विषय होता. नवरदेवाचे वडील काकासाहेबांच्या खांद्यावर हात टाकून मोठ्यानं म्हणाले, "व्याही, दारात दोन वाळे ठेवलेत म्हणे! मुलगी तरी दाखवली तीच हाय ना?" सगळे हसले. काकासाहेबही हसले, आणि त्यांनी एकदाच दाराकडं बघितलं.

अक्षता पडल्यावर सर्जेराव आले. त्यांनी रिकामी अत्तरदाणी परत घेतली.

"मळईत पाय ठेवायचा न्हाई. दिसला तर तंगडं मोडीन."

"मी कंपाऊंड बराबर लावलं का न्हाई? एका बी पावण्याची तक्रार असंल तर सांगा."

"तक्रार दादाची हाय."

घरी मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रडणं-ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लई शोभला असाल," त्या म्हणाल्या. "आता देगीत काय टाकता? ताठा? त्याचं बी निघंल अत्तर, दोन-चार कुप्या."

बातमी अंबडला पोचली तेव्हा बद्रीनाथ स्वतः वडीगोद्रीला आले. त्यांच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं की ते वाट काढून देत आहेत. पुंजारामांचं नाव आता चार तालुक्यांत झालं होतं. मुळी नाही तर नसो. कंपाऊंड त्यांच्याच देगीत ओतायचं, त्यांच्याच कुपीत भरायचं, वर 'खरात यांचा अस्सल वाळा' अशी चिठ्ठी लावायची.

"देगीतून गेल्यावर ते तुझंच झालं की," बद्रीनाथ म्हणाले.

"शेठ, माझ्या मायनं चिखलात उभं राहून मुळ्या खणल्या. पायाची नखं गेल्ती तिची. तवा त्या वासाला नाव ठेकेदाराचं व्हतं. आता नाव माझं लागून राह्यलंय, तर मुळीच न्हाई? ह्या पोपटी पाण्यासाठी कोण खणलं, कुठं खणलं, सांगता येईल का तुमाला?"

"कारखान्यात होतं ते. कोणी खणत नाही."

"बराबर. म्हणून त्याच्यावर कुणाचंबी नाव चिटकवता येतं. माझं न्हाई चिटकवायचं."

बद्रीनाथ चहा न घेता उठले.

त्या थंडीत देग पेटली नाही. पुंजाराम फाट्यावरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायला जाऊ लागले. संध्याकाळी अंगाला सरकीचा वास घेऊन यायचे आणि देगीवर घातलेलं पोतं सरळ करायचे. जिनिंगमध्ये ओळखीचे लोक विचारत, "काय अत्तरवाले, ताठा किती टिकला?" ते उत्तर देत, "अजून उडला न्हाई."

तोड मालनबाईंनी काढली, आणि ती पुंजारामांना पटली नाही. खरातांच्या वाट्याची दीड एकर जमीन कालव्याच्या खाली होती. कालव्याला पाणी आल्यापासून पाझरानं ती चिबडून गेली होती. उन्हाळ्यात वर पांढरा खार फुटायचा, पावसाळ्यात गुडघा रुतायचा. ज्वारी पिवळी पडायची, कापूस उगवायचाच नाही. बरीच वर्षं तिथं कोणी नांगर घातला नव्हता.

"वाळ्याला ओल लागती ना?" मालनबाई म्हणाल्या. "ओलीला काय तोटा हाय तिथं? लावा की."

"लावलेल्या वाळ्याला जोर नसतो. उस्ताद सांगायचे."

"उस्तादाला मळई व्हती का काकासाहेबाची?"

"नदीचा तो नदीचा. खारट चिखलातला वाळा म्हंजे..."

"म्हंजे काय? कंपाऊंड?"

 मालनबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "लोकाला सांगता, दर सालाचा वास येगळा, जशी माती तसा वाळा. आन् आपल्या मातीची येळ आली की नदीच पाहिजे. तुमाला बी शेठवानी एकच वास लागतो म्हणा की."

हे त्यांना झोंबलं. दोन दिवस ते बायकोशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी जिनिंगला न जाता कुदळ घेऊन चिबडात गेले आणि वाफे ओढायला लागले.

वाळ्याची ठोंबं मालनबाईंच्या माहेरच्या ओढ्यातून आणली. तिथं वाळा विरळ होता, अत्तरापुरता नव्हता, पण बेण्यापुरता होता. पोती भरून दोघं एसटीत चढले तेव्हा वाहकानं हटकलं.

"गवत आहे का? गवत आत चालत नाही."

"गवत न्हाई," मालनबाई म्हणाल्या. "अत्तर हाय."

वाहकानं पोत्यात हात घातला, चिखलाची मूठ बाहेर आली. सगळी गाडी हसली. त्यानं सामानाचं तिकीट फाडलं.

शहाण्णवच्या पावसाळ्यात लावणी झाली. पहिल्या वर्षी मुळ्या दोऱ्याएवढ्या बारीक. खणायचा मोह पुंजारामांनी आवरला. सर्जेराव एकदा मोटारसायकल कालव्यावर थांबवून बघून गेले आणि गावात म्हणाले, पुंजाराम आता गवताची शेती करून राह्यला. पुंजारामांनी निरोप धाडला की म्हशीला लागलं तर पातं फुकट घेऊन जा, मूळ तेवढं ठेवा.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत त्यांनी पहिला वाफा खणला. मुळ्या खोल फार गेल्या नव्हत्या. खाली कडक थर लागल्यावर तिथंच गुंता करून दाट झाल्या होत्या. दोघांनी त्या कालव्याच्या पाण्यात धुतल्या. देगीला हिरवा गंज धरला होता, फुटक्या भपक्याला डाग द्यावा लागला. बाभळीचा जाळ लावून पुंजाराम देगीला कान लावून बसले. मालनबाई झाकणाची माती चिरली की लिंपत होत्या आणि मधूनच विचारत होत्या, "काय म्हणून राह्यली?"

"कुजबुजती हाय."

तेल निघालं ते नदीच्या तेलापेक्षा कमी, आणि रंगानं गडद. पुंजारामांनी पेरावर घेतलं, मनगटावर घासलं आणि काम करत राहिले. अर्ध्या दिवसाशिवाय ते मत देत नसत. नदीच्या वाळ्यातला गोडवा यात नव्हता. सुरुवातीला एक खारट, कडवट झटका होता, जुन्या विहिरीत डोकावल्यासारखा. मग तो मागं सरला आणि खालून धुरकट, जड असं काही तरी वर आलं. नदीच्या अत्तरात ते कधीच नव्हतं. दुपारी तेच होतं. दिवे लागले तेव्हा त्यांनी हात बायकोच्या नाकाशी धरला.

"अजून हाय की," मालनबाई म्हणाल्या.

"हाय. उद्यापस्तोर न्हाई ऱ्हायचा."

"न्हाई तर न्हाई."

बद्रीनाथ कुप्पी बघायला आले. जुनं नाक, त्यांनी एकदा हुंगलं, खिडकीपाशी जाऊन पुन्हा हुंगलं.

"हा नदीचा नाही."

"न्हाईच."

"लोकांना काय सांगू? नदीचा म्हणून सांगतो. चार जणांना सुद्धा फरक कळणार नाही."

"चिबडाचा म्हणून सांगा."

"चिबडाचं अत्तर? अरे, नावानंच गिऱ्हाईक पळेल!"

"पळू द्या. ज्याला पळायचं त्याच्यासाठी पुढच्या फळीवर पोपटी हायच."

बद्रीनाथांनी कुप्या ठेवून घेतल्या. त्यांनी गिऱ्हाइकांना काय सांगितलं ते त्यांचं त्यांना माहीत. पुंजारामांनी मात्र दर बाजाराला दुकानाच्या पायरीवर उभं राहून 'चिबडाचा वाळा' असं मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. काही पळाले. काहींनी, नुसत्या नावापायी, हात पुढं केला.

महिन्याभरात सर्जेराव घरी आले. या वेळी मोटारसायकल दारात थांबली. काकासाहेबांच्या दुसऱ्या मुलीचं जमलं होतं. मधल्या काळात लग्नांमध्ये कंपाऊंड आणि फवारे इतके सरसकट झाले होते की आता बड्या घरात खऱ्या वाळ्याचीच मागणी व्हायला लागली होती. द्वारकाबाईंनी तर व्याह्यांना स्पष्ट विचारलं होतं की तो कानात फाया देणारा येणार का.

"दादानं मळई मोकळी केली," सर्जेराव म्हणाले. "उतर कधीबी. मागचं इसरून जा."

"बसा," पुंजाराम म्हणाले. मालनबाईंनी पाणी आणून ठेवलं. सर्जेरावांनी तांब्याकडं पाहिलं आणि आपल्याला तहान नाही असं सांगितलं.

"मंग बाटली कधी नेऊ?"

"बाटली?"

"आता परत तेच नको, पुंजाराम. दादा एवढे वाकले. तू बी थोडं वाक. मळई बारमाही तुझी, लिहून देतील. फक्त दारात उभं राहायचं न्हाई."

"मळईचं काय काम ऱ्हायलं न्हाई मला. काकासाहेबांना सांगा, म्हशी सोडा तिथं." पुंजारामांनी फळीवरची कुप्पी काढली, बूच उघडलं, पेरावर थेंब घेतला आणि बोट पुढं केलं. "लग्नाला कोणतं अत्तर पाहिजे ते तरी बघून जा. नदीचं न्हाई हे. आना हात."

सर्जेराव उभेच होते. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता, नाकपुड्या हलल्या. हात खिशात होता, तो तिथंच राहिला.

पुंजारामांनी थोडी वाट पाहिली. मग तो थेंब स्वतःच्या मनगटावर घासला आणि बूच लावलं.

"तुमचं ठरलं की सांगा. मला काम हाय." त्यांनी कोपऱ्यातली कुदळ उचलली. सकाळी खणलेल्या नव्या वाफ्यातली ठोंबं तेव्हापासून उघडी पडली होती, मालनबाई ती छाटून ओल्या पोत्याखाली ठेवायला कधीच पुढं गेल्या होत्या. ती सुकायच्या आत पुन्हा लावायची होती.